बियांवरची बाग : महाराष्ट्राच्या अंगणातील हंगामी फुलझाडे

हंगामी फुलझाडाचे सारे आयुष्य, बी रुजण्यापासून नवे बी पिकेपर्यंत, एका हंगामात किंवा फार तर वर्षभरात आटोपते. वर्षाचा काही काळ जिथे तग धरणे कठीण असते, तिथे वनस्पतींनी ही रीत उचललेली दिसते. कुठे गोठवणारी थंडी, कुठे कोरडा उन्हाळा. तो काळ झाड म्हणून सोसण्यापेक्षा बी होऊन मातीत पडून राहणे परवडते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर हे डोळ्यांनी पाहता येते. कातळावर मातीचा पातळ थर असतो आणि पावसाळा सरला की तोही वाळून जातो. तिथला तेरडा, सोनकी, मिकीमाऊस ही झाडे पावसाच्या सुरुवातीला रुजतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतात आणि दिवाळीच्या सुमारास बी सांडून संपतात. पुढचे सात-आठ महिने पठार उजाड दिसते, पण पुढच्या बहराचे बी मातीत पडलेले असते.

हंगामी झाड इतके भरभरून का फुलते, याचे कारण याच रीतीत आहे. त्याला दुसरे वर्ष नसते. जास्वंदीला किंवा मोगऱ्याला यंदा राहिले तर पुढच्या वर्षी फुलता येते. झिनियाला जे करायचे ते तीन-चार महिन्यांत करावे लागते. बागेत मात्र ‘हंगामी’ हा शब्द थोडा सैल वापरला जातो. पिटुनिया, साल्व्हिया, अँटिऱ्हिनम, सदाफुली ही झाडे मायदेशी एकाहून अधिक वर्षे जगतात. पण पहिल्या बहरानंतर ती लांबटतात, विरळ होतात, म्हणून माळी त्यांना दरवर्षी नव्याने बियांवरून करतात. गुलबक्षी वरून वाळते आणि जमिनीखालच्या कंदातून पुन्हा फुटते. या आढाव्यात अशा झाडांनाही जागा दिली आहे.

रोपवाटिकेत तयार रोपे मिळत असताना बी कशाला पेरावे, या प्रश्नाला पैशांच्या बचतीपेक्षा मोठे उत्तर आहे. विक्रीसाठी ठेवलेले रोप बहुधा फुलावर आलेले असते, कारण फूल पाहून गिऱ्हाईक घेते. लहानशा पिशवीत मुळे गुंडाळून फुललेल्या अशा रोपाचे अर्धे आयुष्य तिथेच सरलेले असते. शिवाय कॉसमॉस, नॅस्टर्शियम, लार्कस्पर, सूर्यफूल यांना मुळे हलवलेली खपत नाहीत, त्यामुळे त्यांची चांगली रोपे विकत मिळणेच अवघड. बी पेरणाऱ्याला वाणांची निवडही कितीतरी मोठी असते.

तरीही घरोघरी बियांची पाकिटे वाया जातात. बी खराब निघाले म्हणून असे क्वचितच होते. बहुतेकदा चुकीच्या महिन्यात पेरले म्हणून होते. पाकिटावरच्या किंवा परदेशी पुस्तकांतल्या सूचना ‘वसंतात पेरा’ असे सांगतात. तो वसंत बर्फ वितळल्यानंतरचा असतो. महाराष्ट्रातल्या वसंतामागे लगेच एप्रिल-मेचा वणवा येतो. कोणते फूल कधी पेरावे हे ठरवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ते फूल मूळचे कुठले आणि तिथे पाऊस कधी पडतो हे पाहणे. या कसोटीवर आपल्या बागांतली हंगामी फुले तीन-चार घराण्यांत सहज विभागता येतात.

यांतले सर्वांत जवळचे घराणे मेक्सिकोचे. झेंडू, झिनिया, कॉसमॉस आणि बहुधा गुलबक्षीही तिकडचीच. मेक्सिको शहर आणि मुंबई ही दोन्ही शहरे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मध्य मेक्सिकोच्या पठारावरही पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो आणि नंतर कोरडा काळ येतो. म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या या झाडांना इथे दिवसाची लांबी तीच भेटली आणि पावसाचे वेळापत्रकही ओळखीचे निघाले. मृगाच्या सरीनंतर पेरले की ती दसऱ्याच्या आगेमागे फुलतात, यात माळ्याच्या कौशल्यापेक्षा या जुळणीचा वाटा मोठा आहे.

या जुळणीत एक बारकावा आहे. झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही झाडे दिवस आखडू लागला की लवकर फुलतात. पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. त्यामुळे जूनमध्ये पेरलेला झेंडू आधी कमरेएवढा वाढतो, फांद्या धरतो आणि मग फुलतो. तोच झेंडू ऑक्टोबरात पेरला तर वीतभर उंचीवरच कळ्या दाखवतो. एकाच पाकिटातल्या बियांनी दोन हंगामांत असे वेगळे रूप घेतले की बी बदलून दिल्याचा संशय येतो, पण तो निराधार असतो. हिवाळी लावणीत रोपे जवळजवळ लावावीत, पावसाळी लावणीत दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवावे, हा त्यावरचा साधा उपाय.

झेंडूशिवाय महाराष्ट्रातला दसरा कल्पनेत येत नाही, आणि तरी तो इथला नव्हे. युरोपीयांनी अमेरिकेशी संबंध जोडल्यानंतर तो भारतात आला. बागेत त्याचे दोन प्रकार असतात. मोठ्या, गोल, पिवळ्या-नारिंगी फुलांच्या उंच झेंडूला ‘आफ्रिकन’ म्हणतात आणि बुटक्या, लहान फुलांच्या, तपकिरी-तांबड्या छटांच्या झेंडूला ‘फ्रेंच’. मराठीत या दुसऱ्याला मखमल हे फारच समर्पक नाव आहे. आफ्रिका किंवा फ्रान्सशी दोघांचाही मुळात संबंध नाही. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणाचा सण झेंडूच्या पाकळ्यांनीच सजतो.

दसऱ्याला फुले हवी असतील तर आफ्रिकन झेंडू जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पेरावा. बी चार ते सहा दिवसांत उगवते. तीन-चार आठवड्यांची, चार-पाच पानांवरची रोपे लावावीत आणि लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडावा. शेंडा खुडल्याने पहिले फूल आठ-दहा दिवस लांबते, पण फांद्या वाढतात आणि फुलांची संख्या दुणावते. मखमल लवकर फुलते, तिचा शेंडा खुडण्याची गरज नसते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेले ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’ हे वाण घरच्या बागेलाही चांगले. त्यांचे बी पुढच्या वर्षासाठी धरता येते. आफ्रिकन आणि फ्रेंच यांच्या संकरातून झालेले काही झेंडू मात्र बीच धरत नाहीत. बी धरत नसल्यामुळे ते अधिक काळ फुलत राहतात.

तोरणातली सुकलेली फुले कुंडीत चुरून टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. त्यांतून काही रोपे येतातही. पण तोरणाचे फूल ऐन भरात तोडलेले असते, त्यातले बी पुरते भरलेले नसते, आणि बाजारात येणारा झेंडू बऱ्याचदा संकरित असल्याने त्याची संतती आईबापांसारखी निघत नाही. उंची वेगळी, फुले लहान, पाकळ्या एकेरी. बियांसाठी दोन-चार उत्तम झाडे निवडून त्यांवरची पहिल्या बहरातली फुले झाडावरच वाळू द्यावीत, हे केव्हाही बरे.

झेंडूचा आणखी एक उपयोग भाजीपाला लावणाऱ्यांना ठाऊक असावा. त्याच्या मुळांत मातीतल्या सूत्रकृमींना मारक ठरणारी द्रव्ये असतात. मात्र वांग्याच्या आळ्यात एखादे झेंडूचे रोप लावल्याने हा लाभ होत नाही. ज्या वाफ्यात सूत्रकृमींचा त्रास आहे तिथे पूर्ण हंगामभर दाट मखमल घ्यावी आणि पुढच्या हंगामात भाजी लावावी.

या फुलाच्या मागे माणूस किती वर्षे लागू शकतो याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. झेंडूत शुभ्र पांढरा रंग नव्हता. बियाणे व्यावसायिक डेव्हिड बर्पी यांनी १९५४ साली पांढऱ्या झेंडूचे बी आणून देणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते १९७५ साली आयोवा राज्यातल्या ॲलिस व्हाँक या घरगुती बागकाम करणाऱ्या बाईंना मिळाले. दरवर्षी सर्वांत फिक्या फुलाचे बी बाजूला काढून पुढच्या वर्षी पेरायचे, एवढेच त्या करत आल्या होत्या. परसात बी धरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हे साधन असते.

झिनिया हे नवशिक्याचे पहिले फूल व्हावे. बी मोठे, चिमटीत धरता येणारे, तीन-चार दिवसांत उगवणारे. पेरल्यापासून दोन महिन्यांच्या आत फुलणारे. योहान गॉटफ्रीड झिन या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने या प्रजातीला दिले. झिन यांचा मुख्य अभ्यास डोळ्याच्या रचनेचा होता आणि ते वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १७५९ साली, वारले. जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात उमललेले फूलही झिनियाचेच. जमिनीवर त्याचा एकच मोठा शत्रू आहे, तो म्हणजे भुरी. पाने पांढरी पडू लागली की झाड झपाट्याने उतरते. दाटी टाळणे, पाणी बुंध्याशी देणे आणि संध्याकाळी पाने ओली न ठेवणे एवढे पाळले तर भुरी बरीच लांब राहते. झिनिया शक्यतो कायमच्या जागीच पेरावे.

कॉसमॉसबद्दल कौतुकाबरोबर इशाराही द्यायला हवा. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा, शेपूसारख्या पानांचा कॉसमॉस हलक्या मातीत, खताविना सुंदर येतो. खत जास्त झाले तर तो नुसता पाल्याने माजतो. पिवळा-नारिंगी कॉसमॉस याहून काटक. तो इतका काटक आहे की पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेने तो बागेतून निसटून पसरला आहे. पावसाळ्याअखेर पिवळी झालेली टेकडी पाहून लोक हरखतात, पण त्या दाटीत स्थानिक गवते आणि रानफुले गुदमरतात. पिवळा कॉसमॉस अंगणात लावला तर बी पिकण्याआधी बोंडे काढावीत. फिरायला जाताना त्याच्या बिया टेकडीवर उधळण्याचा उत्साह तर निसर्गाच्या मुळावर येणारा आहे.

गुलबक्षीला पेरावे असे लागतच नाही. मिरीच्या दाण्यासारखे काळे बी पडेल तिथे उगवते. संध्याकाळी उमलणारे, रात्रीच्या पतंगांसाठी गंध सोडणारे हे फूल सकाळी मिटते. मराठीने त्याच्या रंगालाच ‘गुलबक्षी’ असे नाव देऊन त्याला कायमचे घरात घेतले आहे. बी विषारी असते, लहान मुले असलेल्या घरात ते लक्षात ठेवावे. उत्तर अमेरिकेचेच सूर्यफूल आणि गॅलार्डिया याच ओळीत बसतात. सूर्यफुलाची कोवळी कळी दिवसभर सूर्यामागे वळते, पण पूर्ण उमललेले फूल पूर्वेकडे तोंड करून स्थिर होते, म्हणून ते कुंपणाच्या अशा बाजूला लावावे की सकाळी घराकडे पाहील. गॅलार्डिया, शेतकऱ्यांच्या बोलीतला गलांडा, कोरडवाहू भागाचा आधार आहे. मराठवाड्यातल्या किंवा नगरच्या उन्हातही तो फुलत राहतो.

याच पावसाळी हंगामातली, पण इथल्याच मातीतली फुले वेगळी सांगितली पाहिजेत. त्यांचा मुकुटमणी तेरडा. सह्याद्रीच्या उतारांवर तो रानात फुलतो, भाद्रपदात गौरी म्हणून घरात येतो, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीत बसून बोलण्यातही येतो. म्हण एका फुलापुरती खरी आहे. झाड मात्र खोडाला लागून खालून वर फुलत जात महिना-दीड महिना रंग धरते. बागेतल्या दुहेरी तेरड्याची फुले लहान गुलाबासारखी असतात. मे महिन्याच्या शेवटी किंवा पहिल्या सरीनंतर थेट वाफ्यात पेरला की गणपतीत तो भरात असतो. त्याला अर्धवट सावली चालते, कोकणातला धोधो पाऊस चालतो. कोरडे ऊन चालत नाही. पिकलेल्या बोंडाला हात लागताच ते फटकन फुटते, साल आतल्या बाजूला वळते आणि बिया चार-पाच फुटांवर उडतात. बी धरायचे तर बोंड फिकट होऊन फुगले की मूठ बंद करून तोडावे.

कोंबडा हे बागेतले रूप आणि शेताच्या बांधावरची कुर्डू हे रानातले, दोघांचे नाते अगदी जवळचे. पावसाळ्यात कुर्डूच्या कोवळ्या पानांची भाजी होते. कोंबड्याच्या तुऱ्याला जो मखमली चपटेपणा असतो तो वाढीच्या टोकाची रुंदी वाढत गेल्याने येतो, आणि ही विकृती बियांवरून पुढे टिकते. माठ-राजगिऱ्याच्या कुळातले असल्याने बी काळे, चमकदार आणि बारीक. त्याच कुळातले गोंफ्रिना, जांभळ्या-गुलाबी गुंड्यांचे, तोडून उलटे टांगले तर वर्षभर रंग सोडत नाही. जाळीवर चढवायला गणेशवेल. अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली ही वेल, पिसासारखी पाने आणि लालभडक चांदणीसारखी फुले घेऊन, नावाने पूर्ण मराठी झाली आहे. तिचे आणि गोकर्णाचे टणक बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे.

हिवाळी फुलांचे घराणे निराळे. स्वीट पी, अँटिऱ्हिनम, कॅलेंडुला, लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर, कँडिटफ्ट ही भूमध्य समुद्राभोवतालची. तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस थंडीत पडतो. बी उन्हाळाभर निजते, शरदातल्या पहिल्या पावसाने आणि गारव्याने जागे होते. त्यामुळे या बियांना रुजण्यासाठी १५ ते २० अंश सेल्सियसच्या आसपासचा गारवा लागतो. सप्टेंबरात पाऊस ओसरला म्हणून घाईने पेरणी केली की मागून ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि बी कुजते किंवा रोपे लुळी पडतात. पाकिटे वाया जाण्याची ही सर्वांत मोठी जागा. हस्ताचा पाऊस संपून रात्री गार वाटू लागल्या की, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पेरणी करावी. रोपे आधी तयार ठेवायची असतील तर सप्टेंबरअखेर ट्रे घराच्या सर्वांत थंड, उजेडाच्या कोपऱ्यात ठेवून करावीत.

महाराष्ट्राच्या हवामानातला फरक या घराण्याच्या बाबतीत सर्वांत जाणवतो. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पुरेशा गार असतात आणि हिवाळी फुले जवळजवळ सगळी येतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातले वाफे याची साक्ष देतात. महाबळेश्वर-पाचगणीत तर ती अधिक लांब टिकतात. विदर्भात थंडी चांगली पडते, पण फेब्रुवारीअखेर ऊन एकदम तापते, म्हणून तिथे पेरणीला उशीर चालत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्रीचा गारवा कमी आणि हवेत ओल जास्त. तिथे स्वीट पी, लार्कस्पर, पॅन्सी यांच्यामागे लागण्यापेक्षा पिटुनिया, कॅलेंडुला, साल्व्हिया, व्हर्बिना यांवर समाधान मानणे शहाणपणाचे.

स्वीट पी गंधासाठी पेरावा. सिसिलीतल्या फ्रान्सिस्को कुपानी या धर्मोपदेशकाने १६९९ साली त्याचे बी इंग्लंडला पाठवले. तिथे पुढे मोठ्या, लहरदार पाकळ्यांचे असंख्य वाण निघाले, पण आकार वाढताना पुष्कळांचा वास उणावला. म्हणून जुने, लहान फुलांचे वाण मिळाले तर तेच घ्यावेत. बी टणक, रात्रभर भिजवावे, न फुगलेल्या बीला नखाने किंवा पॉलिश पेपरने ओरखडा द्यावा. खोल, भरपूर कुजलेले शेणखत घातलेली माती आणि चढायला जाळी हवी. वाटाण्यासारख्या दिसणाऱ्या त्याच्या शेंगा खाण्याच्या नाहीत, त्या विषारी आहेत. लार्कस्परचे बीही तसेच.

अँटिऱ्हिनमला माळी ‘डॉग फ्लॉवर’ म्हणतात. फुलाच्या गालांवर दाबले की ते तोंड उघडते, आणि अंगाने भारी भुंगेच ते ढकलून आत शिरू शकतात. नॅस्टर्शियम दक्षिण अमेरिकेच्या डोंगरउतारांवरचे. त्याला निकस माती द्यावी; खतावर ते फक्त पाने देते. पाने आणि फुले हाळीवासारखी तिखट लागतात, कोशिंबिरीत घालता येतात. लिनीअसची मुलगी एलिझाबेथ हिने १७६२ साली संधिप्रकाशात त्याच्या फुलांतून ठिणग्या चमकल्यासारख्या दिसतात असे लिहून ठेवले. पुढे अभ्यासकांनी हा डोळ्यांचा भास ठरवला, पण दिवेलागणीला नॅस्टर्शियमच्या वाफ्याजवळ उभे राहून तो अनुभवण्याजोगा आहे. टेक्सासचा फ्लॉक्स आपल्या वनस्पती-संग्राहकाचे नाव वागवतो. थॉमस ड्रमंड यांनी १८३५ साली त्याचे बी ब्रिटनला पाठवले आणि त्याच वर्षी ते क्यूबात मरण पावले. फूल बागेत आलेले त्यांनी पाहिले नाही.

दक्षिण अमेरिकेचाच पिटुनिया हा गच्चीवरच्या कुंड्यांचा राजा, पण बियांवरून करायला अवघड. तंबाखू-टोमॅटोच्या कुळातल्या या झाडाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया असतात. त्या मातीत गाडायच्या नाहीत. उजेडाशिवाय त्या नीट रुजत नाहीत. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या मिश्रणावर भुरभुरावे आणि ट्रे उथळ पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी. झारीचे पाणी वरून दिले की बिया एका कोपऱ्यात गोळा होतात. पेरल्यापासून फुलायला तीन महिने लागतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीच्या फुलांसाठी सप्टेंबरअखेर रोपे टाकावी लागतात.

चीनचा ॲस्टर महाराष्ट्रात आधी शेतकऱ्याचे फूल आहे, मग बागेचे. हारांत जांभळा आणि पांढरा रंग बऱ्याचदा त्याचाच असतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील केंद्रातून निघालेले ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण आणि बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे ‘कामिनी’, ‘पूर्णिमा’, ‘शशांक’, हे सारे इथल्या हवामानात पारखलेले. ॲस्टर झेंडूसारखा पुन्हा पुन्हा फुलत नाही, त्याचा एकच बहर. म्हणून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरावा. त्याला मर रोग लवकर लागतो. एका वाफ्यात लागोपाठ दोन वर्षे ॲस्टर घेऊ नये.

उन्हाळ्याची यादी छोटी आहे. फेब्रुवारीत पेरलेली झिनिया, पिवळा कॉसमॉस, गॅलार्डिया आणि गोंफ्रिना मेपर्यंत किल्ला लढवतात, पण खरी उन्हाची फुले दोन. पहिले पोर्तुलाका, ज्याला ऑफिस टाइम किंवा चिनी गुलाब म्हणतात. घोळाच्या भाजीचा हा सख्खा भाऊ; तेच जाड, पाणी साठवणारे पान. ऊन चढले की उमलतो, दुपारनंतर मिटतो, ढगाळ दिवशी उघडतच नाही. बी धुळीसारखे असले तरी एकदा झाड झाले की तुकडे खोचून वाढवता येते. दुसरी सदाफुली, मादागास्करची. कर्करोगावरची व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधे तिच्यापासून मिळाली. तिला पाण्याचा ताण सोसतो, साचलेले पाणी सोसत नाही. सदाफुलीचे बी अंधारात चांगले रुजते, म्हणून ते झाकून पेरावे.

पेरणीचे तंत्र सर्व फुलांना थोड्याफार फरकाने सारखेच. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावे. पिटुनिया, अँटिऱ्हिनम, पोर्तुलाका यांचे बी पृष्ठभागावरच राहावे. कॅलेंडुला, फ्लॉक्स, लार्कस्पर, पॅन्सी यांचे नीट झाकले जावे. रोपांसाठी माती एकटी वापरू नये. काळी माती वाळली की पापुद्रा धरते आणि कोवळा कोंब त्याखाली अडकतो. भिजवून धुतलेले कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत यांचे मिश्रण, किंवा पोयटा, वाळू आणि जुने शेणखत समभाग, दोन्ही चालतात. शेणखत पुरते कुजलेले, मातीचा वास येणारे असावे. ताजे शेण रोपांना जाळते आणि हुमणीला बोलावते.

उगवलेली रोपे एका रात्रीत बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात, तेव्हा बहुतेक जण पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतात. खरे कारण उलट असते. सतत ओल्या, वारा न लागणाऱ्या मातीतल्या बुरशीमुळे रोपे कोलमडतात. विरळ पेरावे, पाणी सकाळी द्यावे, वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यावा, ट्रेला तळाशी भोके असावीत. घट्ट पेरणी ही मोहाची चूक आहे. पाकीट संपवून टाकण्याची घाई असते आणि उगवलेले उपटायला जीव होत नाही. विरळणी केली नाही तर सगळीच रोपे किडकिडीत राहतात.

खरी पाने चार झाली की रोप हलवण्याजोगे होते. आठवडाभर आधी पाणी थोडे तोडावे आणि ट्रे रोज जास्त वेळ उन्हात ठेवावा, म्हणजे रोप कणखर होते. लावणी उन्हे उतरल्यावर, रोप पानाला धरून करावी. खोड चिमटले तर रोप जगत नाही. कुंडी आठ-दहा इंचांची असली तरी तिच्यात आफ्रिकन झेंडूचे एकच रोप पुरे. नत्राचा जोर कळ्या येईपर्यंतच असावा. कळ्यांच्या वेळी शेण-गोमूत्राची पातळ स्लरी पंधरा दिवसांतून एकदा दिली तर कुंडीतल्या झाडांना पुष्कळ. मावा, फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी निंबोळी अर्क सुरुवातीलाच वापरावा. पावसाळ्यात मात्र रोपांचा पहिला वैरी गोगलगाय. रात्री बॅटरी घेऊन तिला वेचणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय.

बहर लांबवण्याची गुरुकिल्ली कोमेजलेले फूल खुडण्यात आहे. बी पिकले की झाडाचे काम संपते आणि ते वाळू लागते. बी धरू दिले नाही तर ते नव्या कळ्या काढत राहते. झिनिया, कॅलेंडुला, कॉसमॉस, स्वीट पी यांत हा फरक तीन-चार आठवड्यांचा पडू शकतो. फुलदाणीसाठी नेमाने फुले कापणाऱ्याची बाग म्हणूनच अधिक काळ टिकते. एकेरी आणि दुहेरी फुलांच्या निवडीतही विचार हवा. झेंडू किंवा झिनियाच्या एका ‘फुलात’ मुळात शेकडो लहान फुले असतात. दुहेरी वाणांत मधल्या नळीदार फुलांच्या जागी पाकळ्यांसारखी फुले आलेली असतात, त्यामुळे मध आणि पराग मिळणे दुरापास्त होते. वाफ्याचा निदान एक तुकडा एकेरी कॉसमॉस, सूर्यफूल, गॅलार्डिया यांना दिला तर मधमाश्या आणि फुलपाखरे येतात, आणि बी पिकल्यावर मुनियाही.

बी धरायचे तर सरळ वाणाचेच धरावे. पाकिटावर एफ-१ लिहिलेले असेल तर ते संकरित. त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही. तेरडा आणि स्वीट पी स्वतःच्या परागाने बी धरतात, म्हणून त्यांचे रंग बऱ्यापैकी टिकतात. झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांचे परागण कीटकांवर असल्याने शेजारच्या अंगणातला रंगही मिसळतो. बियांसाठी निवडलेल्या झाडाला दोरा बांधून ठेवावा आणि बोंड झाडावरच तपकिरी झाल्यावर कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर काढावे. आठवडाभर सावलीत सुकवून, फोलपाट पाखडून, नाव आणि महिना लिहिलेल्या कागदी पुडीत घालावे. पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी सिलिका जेलची पुडी टाकून ठेवाव्यात. महाराष्ट्रात बियांचे आयुष्य उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यातली दमट हवा जास्त खाते, आणि कोकणात तर उघड्या पुडीतले बी एका पावसाळ्यात निकामी होऊ शकते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बरणी ठेवली तर उत्तम, फक्त बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर बियांवर दव धरते. ॲस्टर, फ्लॉक्स, लार्कस्पर, व्हर्बिना यांचे बी लवकर जुने होते, ते पुढच्याच हंगामात पेरून टाकावे. झिनिया, नॅस्टर्शियम आणि स्वीट पीचे नीट राखलेले बी तीन-चार वर्षे चालते. शंका वाटली तर पेरणीच्या दहा दिवस आधी दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात. सहा-सात रुजल्या तर पुडी पेरणीयोग्य, दोन-तीनच रुजल्या तर दाट पेरावी, आणि एकही न रुजल्यास नवे बी आणावे.